पंधराव्या वर्षी प्रश्न पडतात तेव्हा

दरवर्षी ११ नोव्हेंबरला राष्ट्रीय शिक्षण दिन येतो आणि उर्दू शाळांमध्ये मौलाना अबुल कलाम आझादांच्या तसबिरीला हार घातला जातो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, कुठंही जा, कार्यक्रम साधारण सारखाच असतो. देशाचे पहिले शिक्षणमंत्री, काँग्रेसचे अध्यक्ष, फाळणीला विरोध करणारे नेते, 'अल-हिलाल'चे संपादक. पोरं पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणून दाखवतात, टाळ्या पडतात आणि सगळे घरी जातात. मात्र 'आझाद' हे नाव त्यांनी का घेतलं, हे त्या भाषणांत सहसा नसतं.

ते मौलानांनी स्वतः सांगून ठेवलेलं आहे. 'इंडिया विन्स फ्रीडम' या आत्मकथनात ते म्हणतात की, वारशानं मिळालेल्या समजुतींशी आपण आता बांधलेले नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी हे टोपणनाव घेतलं. त्यांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे पीर होते, त्यांचे हजारो मुरीद होते. इंग्रजी शिक्षणावर वडिलांचा विश्वास नव्हता, म्हणून मुलाची सगळी तालीम कलकत्त्यात घरीच झाली. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्यानं दर्स-ए-निजामीचा अभ्यासक्रम संपवला. एवढं सगळं घरात असूनही पोराच्या मनात शंका शिरल्या. पुढं १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथं लिहिलेल्या 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रांत ते त्या दिवसांकडं वळून पाहतात. जेमतेम पंधरा वर्षांचं वय असताना मनाची शांतता ढळली आणि शंकेचे काटे टोचायला लागले, असं ते लिहितात. ही अवस्था आठवड्या-दोन आठवड्यांची नव्हती. काही वर्षं गेली, शंका वाढत वाढत नकारापर्यंत पोहोचली आणि मग ते परतले. परतले ते असे की, त्यांच्या हातून 'तर्जुमानुल कुरआन'सारखं भाष्य लिहून झालं.

आता एक साधा विचार करून पाहा. हा पंधरा वर्षांचा अबुल कलाम आज आपल्या मोहल्ल्यात असता, तर आपण त्याचं काय केलं असतं?

मला वाटतं, पहिल्याच प्रश्नाला "तौबा कर, इमान जाईल" असं ऐकवलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला "हे तुला कुणी शिकवलं?" अशी चौकशी झाली असती. तिसऱ्याला मोबाइल काढून घेतला असता. चौथा प्रश्न त्यानं विचारलाच नसता. आणि तो गप्प झाला म्हणून आपण समाधानानं म्हटलं असतं, पोरगं सुधारलं.

या लेखाचा विषय ते गप्प झालेलं पोरगं आहे.

प्रश्न येतात कुठून?

आपल्याकडं असा समज आहे की, धर्माबद्दल शंका बाहेरून येते. कॉलेज, सिनेमा, नास्तिक मित्र, इंटरनेट. यातलं काही खरं असेलही. पण गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातल्या मुलामुलींकडून जे प्रश्न मी ऐकले, त्यातले बहुतेक घरातून, शाळेच्या दप्तरातून आणि मोहल्ल्यातूनच आलेले होते.

दहावीचं उदाहरण घ्या. बालभारतीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे. एनसीईआरटीनं २०२३ साली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली, पण आपल्या राज्याच्या पुस्तकात ती आहे आणि असायलाच हवी. मराठी माध्यम असो की उर्दू, मुलगी सकाळी शाळेत डार्विन शिकते. संध्याकाळी मकतबमध्ये हजरत आदमचा किस्सा ऐकते. दोन्ही ठिकाणी तिला पाठ करायला सांगतात. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या कशा, हे सांगणारा माणूस तिला दोन्ही ठिकाणी भेटत नाही. शाळेतले सर म्हणतात, परीक्षेला हे लिही. हाफिजजी म्हणतात, हे सगळं झूट आहे. मुलीनं करायचं काय?

हा पेच काही नवा नाही. सर सय्यद अहमद खान यांनी एकोणिसाव्या शतकात हाच पेच अंगावर घेतला. निसर्गाचे नियम हे खुदाचं काम आणि कुराण हे खुदाचा कलाम, मग दोघांत भांडण असेलच कसं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यासाठी त्यांना 'नेचरी' म्हणून हिणवलं गेलं, त्यांच्याविरुद्ध मक्केहून फतवा आणला गेला. त्याच माणसानं १८७५ साली अलीगढला सुरू केलेल्या शाळेचं पुढं विद्यापीठ झालं. त्याच्याही पाचशे वर्षं आधी इब्न खल्दूननं 'मुकद्दिमा'त वनस्पती, प्राणी, माकड आणि माणूस अशी चढत जाणारी साखळी मांडली होती. ती डार्विनची उत्क्रांती नव्हे. पण सृष्टीकडं असं बघता येतं, आणि असं बघणारा माणूस काजीच्या गादीवरही बसू शकतो, एवढं तरी त्या मुलीला सांगता येईल की नाही?

दुसरा प्रश्न भाषेचा. आपली मुलं मकतबमध्ये नाजरा शिकतात, म्हणजे अरबी अक्षर ओळखून बिनचूक वाचायला शिकतात. उच्चार चुकला तर टोकलं जातं, अर्थ विचारला तर "मोठा झाल्यावर कळेल." मूल मोठं होतं, तरी अर्थ कळत नाही. मराठीत कुराणाचे अनुवाद उपलब्ध आहेत, पण किती घरांत ते मुलाच्या हाताला लागतील अशा जागी असतात? सात-आठ वर्षं एखादा ग्रंथ रोज वाचायचा आणि त्यात काय लिहिलंय ते माहीत नसायचं, यावर पंधराव्या वर्षी मुलाला प्रश्न पडला तर दोष त्याचा कसा?

तिसरा प्रश्न आपल्या भांडणांतून येतो. आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या उर्सात हिंदू-मुसलमान दोघेही जातात. एक मौलाना सांगतात, तिथं बरकत आहे. दुसरे सांगतात, तिथं जाणं शिर्क आहे. दोघांच्या हातात एकच किताब. मग पोरगा विचारतो, यांच्यातलं खरं कोण, आणि दोघंही चूक असतील तर? आपण एकमेकांवर कुफ्रचे शिक्के मारतो, तेव्हा मुलं शेजारी बसून ऐकत असतात, हे आपण विसरतो.

चौथा प्रश्न मुलींचा. मशिदीत मी का नाही जायचं? या प्रश्नावर मुलीला घरात "औरतजातीला हे शोभत नाही" असं उत्तर मिळतं. पण पुण्याच्या यास्मिन आणि जुबेर पीरजादे या दांपत्यानं २०१९ साली हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. तेव्हा जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की, इस्लाममध्ये बाईला मशिदीत नमाजाला जायला मनाई नाही. म्हणजे मुलीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून रास्त होता. उत्तर बोर्डाकडं होतं, किताबांत होतं, फक्त तिच्यापर्यंत येत नव्हतं. १९८२ साली जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमा पाहायचा नाही असं फर्मान निघालं, तेव्हा रजिया पटेल आणि त्यांच्या साथीदारांनी "कुठल्या आधारावर?" एवढंच विचारलं होतं. त्यासाठी त्यांना काय काय सोसावं लागलं, हे त्यांच्या 'चाहूल' या पुस्तकात आहे.

काही प्रश्न फजरला उठायचा कंटाळा येतो म्हणूनही पडतात, हे मान्य. पण ते कुठले आणि खरे कुठले, हे आईला बरोबर ओळखू येतं.

"अब्बा जहन्नममध्ये आहेत का?"

एक प्रश्न मात्र आपल्या जिल्ह्याचाच म्हणावा असा आहे.

१९ मार्च १९८६ ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको-मुलांसह आयुष्य संपवलं. त्यानंतरच्या चार दशकांत यवतमाळचं नाव देशभर कशासाठी घेतलं जातं, ते सांगायला नको. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आपला जिल्हा होता. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही प्रामुख्यानं इथलेच. बोंडअळी आणि सावकार दाराशी येताना जात-धर्म विचारून येत नाहीत. शेती करणारे, बटईनं वाहणारे, मजुरीला जाणारे मुसलमान या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

अशा एखाद्या घरात मरण ओढवून घेतलेला बाप असतो. सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, "खुदकुशी हराम आहे." कुणी जनाज्याच्या नमाजबद्दल कुजबुजतं. कोपऱ्यात बसलेलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल ते ऐकतं. रडायचं सोडून ते दोन प्रश्न मनात घेऊन बसतं. अल्लाह रज्जाक आहे, रोजी देणारा आहे, तर आमची रोजी कुठं गेली? आणि कर्जापायी गेलेले माझे अब्बा आता आगीत आहेत का?

या मुलाला "शंका घेऊ नको" असं सांगणारा माणूस मला धार्मिक वाटत नाही.

धर्माच्याच अंगानं पाहा. आत्महत्या गुनाह आहे, यात वाद नाही. प्रेषितांनी अशा एका माणसाची जनाजाची नमाज स्वतः पढवली नाही, अशी हदीस आहे. पण हनफी फिकहचं प्रचलित मत असं की, आत्महत्या केलेल्याला गुस्ल द्यावा आणि त्याची जनाजाची नमाज व्हावी, कारण तो मुसलमान म्हणूनच गेला. आणखी एक हदीस आहे, सहीह मुस्लिममधली. तुफैल बिन अम्र यांच्यासोबत हिजरत करून मदिनेला आलेला एक माणूस आजारी पडला. दुखणं सोसवेना म्हणून त्यानं आपल्या बोटांची पेरं कापून घेतली आणि रक्त जाऊन तो मेला. पुढं तो तुफैल यांच्या स्वप्नात आला. चांगल्या हालतीत होता, अल्लाहनं त्याला माफ केलं होतं, पण हात झाकलेले होते. हे कळल्यावर प्रेषितांनी दुआ केली की, या अल्लाह, त्याच्या हातांनाही माफ कर.

ही हदीस किती वेळा जुम्याच्या बयानात ऐकली आहे? आत्महत्या हराम आहे हे वाक्य ज्या मोहल्ल्यात शंभरदा सांगितलं जातं, तिथं ही गोष्ट एकदा तरी सांगायला काय हरकत आहे? अर्थात एवढ्यानं त्या मुलाचा पहिला प्रश्न सुटणार नाही. जगात दुःख का आहे, या प्रश्नावर हजारो वर्षं मोठमोठी डोकी झिजली. त्याचं उत्तर आपल्याकडं नसेल तर नसू दे. मुलाजवळ बसता तर येतं. "मलाही कळत नाही बेटा" असं म्हणता येतं. इमाम मालिक यांच्याबद्दल सांगतात की, लांबून आलेल्या माणसाच्या बहुतेक प्रश्नांना त्यांनी "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं होतं. मदिनेच्या इमामाला जे म्हणताना कमीपणा वाटला नाही, ते म्हणताना आपल्याला का वाटावा?

कुराणातली पोरं

"आमच्या बापजाद्यांना आम्ही असंच करताना पाहिलं" हे उत्तर कुराणात वारंवार येतं. ते नेहमी चुकीच्या बाजूच्या लोकांच्या तोंडी आहे. आणि त्यांना उलट प्रश्न करणारी माणसं बऱ्याचदा वयानं लहान आहेत.

हजरत इब्राहिम यांना मूर्ती फोडण्याच्या प्रसंगात 'फता' म्हटलं आहे, म्हणजे पोरगा. तो पोरगा तारा पाहतो, चंद्र पाहतो, सूर्य पाहतो, एकेकाला खुदा मानून बघतो आणि मावळला की सोडून देतो. पुढं पैगंबर झाल्यावरही ते अल्लाहला विचारतात की, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस, ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असं विचारल्यावर म्हणतात, आहे, पण मनाला तसल्ली हवी. अल्लाह त्यांना रागावत नाही. चार पक्षी घ्यायला सांगून दाखवून देतो.

सूरह कहफ आपण जुम्याला मोठ्या आवडीनं वाचतो. त्यातले गुहेत गेलेले ते कोण? कुराण त्यांना 'फितया' म्हणतं. तरुण पोरं. आपल्या कौमचा धर्म पटत नाही म्हणून घर सोडून गेलेली.

यावर कुणी म्हणेल, "ते सगळे खऱ्या दीनकडं आले, आमची पोरं तर दूर चाललीत." बरोबर आहे. पण इब्राहिम पोहोचले ते स्वतः चालून. कुणी त्यांना कडेवर घेऊन तिथं ठेवलं नव्हतं. आणि जो पोहोचणार नाही त्याचं काय, याचंही उत्तर कुराणात आहे. दीनमध्ये जबरदस्ती नाही, ही आयत आपण टीव्हीवरच्या चर्चेत दुसऱ्यांना ऐकवतो. ती घरातल्या मुलालाही लागू होते, हे मात्र सोयीनं विसरतो. शंका घेणाऱ्या पोराला घराबाहेर काढण्याची धमकी देणारा एक बाप कुराणात आहे. तो इब्राहिमचा बाप आझर. आमच्या देवांना सोडलंस तर दगडांनी मारीन, माझ्यापासून दूर हो, असं तो म्हणतो आणि इब्राहिम त्याला सलाम करून निघतात. उलट हजरत नूह आहेत. मुलगा ऐकत नाही, नावेत येत नाही, तरी लाट मध्ये येईपर्यंत बाप त्याला हाक मारत राहतो. घरात भांडण पेटेल तेव्हा आपण यातल्या कुठल्या बापासारखे वागतो आहोत, हे ज्यानं त्यानं पाहावं.

मुस्नद अहमदमधली एक गोष्ट तर प्रत्येक मकतबच्या भिंतीवर असायला हवी. एक तरुण सरळ प्रेषितांकडं आला आणि म्हणाला, मला जिनाची परवानगी द्या. लोक त्याच्या अंगावर धावून गेले, गप्प बस म्हणाले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावून बसवलं. विचारलं, हे तुझ्या आईबाबत तुला चालेल का? मुलीबाबत? बहिणीबाबत? तो नाही म्हणत गेला. शेवटी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. याहून अवघड प्रश्न आपलं कुठलं पोरगं विचारणार आहे? त्या प्रसंगात अंगावर धावून जाणारी गर्दी आहे आणि जवळ बसवणारे प्रेषित आहेत. सुन्नत कुणाची पाळायची, हे सांगायची गरज पडू नये.

भीती कशाची?

आईबापांची भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. ज्याला आखिरत खरी वाटते, त्याला आपल्या मुलाच्या आखिरतची काळजी वाटणारच. ती मायाच आहे. त्यात जमात काय म्हणेल, बहिणीच्या लग्नात अडथळा येईल का, या चिंता आहेत. लहान गावात या चिंता फार मोठ्या होतात.

त्याहून मोठी भीती बाहेरची आहे. रोज टीव्हीवर इस्लामची उलटतपासणी चालू असताना घरातल्या पोरानंही तोच प्रश्न विचारला की, बापाला वाटतं, हाही त्यांच्याच बाजूला गेला. वर्गात "पाकिस्तान" म्हणून चिडवलं गेलेलं पोर घरी येऊन "आपण असं का करतो?" असं विचारतं, तेव्हा त्याला मदत हवी असते. आपल्याला ते फितुरी वाटते. वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यात प्रश्न विचारणारा शिपाई फितूर वाटतो, तसं आपलं झालं आहे. पण घर म्हणजे किल्ला नव्हे आणि मूल म्हणजे शिपाई नव्हे.

मूल घरात गप्प झालं की मोबाइलवर विचारतं. तिथं दोन दुकानं उघडीच आहेत. एका दुकानात इस्लामला शिव्या घालून व्ह्यूज मिळवणारे बसलेत, आणि त्यांना त्या मुलाच्या शंकेशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्यात गाणं ऐकलं तरी जहन्नमची आग दाखवणारे, सगळ्या जगाला काफिर ठरवणारे बसलेत. घरचा दरवाजा आपण लावून घेतला, तर ते या दोनपैकी एका दुकानात जाणार. मग कुणी बिघडवलं, असं विचारण्यात काय अर्थ आहे?

आपल्या मराठी मुसलमानांत परतलेले आझाद जसे आठवायचे, तसे न परतलेले हमीद दलवाईही आठवायला हवेत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १९६६ मध्ये त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. १९७७ मध्ये ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठल्याही धर्मविधीविना त्यांचं दहन झालं. त्यांची सगळी मतं पटलीच पाहिजेत असं नाही, त्यांच्या मांडणीवर टीका करायला भरपूर जागा आहे. पण तोंडी तलाकबद्दल त्यांनी जे विचारलं, ते पन्नास वर्षांनी न्यायालयाला आणि मग आपल्यालाही विचारावंच लागलं. त्या वेळी आपण प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी माणूस वाळीत टाकला.

हे फक्त मुसलमानांचं आहे, असं समजून दुसऱ्या वाचकांनी सुस्कारा सोडू नये. आपल्या वऱ्हाडात, अकोल्यात शिकलेल्या आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. डॉ. दाभोलकरांचा २०१३ मध्ये त्याच पुण्यात खून झाला. आणि मार्च २०१७ मध्ये कोइमतूरला फारूख नावाचा तरुण नास्तिक आहे म्हणून मारला गेला, मारणारे मुसलमानच होते. त्याचे वडील श्रद्धाळू. ते म्हणाले की, यासाठीच माझ्या मुलाला मारलं असेल, तर मीही त्याच्या संघटनेत जाईन. शंका घेणाऱ्या मुलासोबत श्रद्धाळू बाप उभा राहू शकतो, हे या देशातल्या एका मुसलमान बापानं दाखवून दिलं, तेही मूल गेल्यावर. ते असताना उभं राहणं आपल्याला जमलं पाहिजे.

एक विनंती हिंदू मित्रांनाही. एखादं मुसलमान पोरगं धर्माबद्दल प्रश्न विचारत असेल, तर त्याला आपल्या विजयाची खूण म्हणून मिरवू नका. त्याला ईदचा शिरखुर्मा अजूनही हवा असतो, नानीच्या कबरीवर फातेहा पढायची असते. आणि भाड्यानं खोली शोधताना त्याला नमाज पढतोस का असं कुणी विचारत नाही, फक्त नाव विचारतात.

गप्प बसलेलं मूल

प्रश्न दाबल्यानं शंका जाते का? जात नाही, ती आत जाते. मूल रोजा आहे असं सांगून चोरून पाणी पितं. मशिदीत जातो म्हणून निघतं आणि चौकात उभं राहून परत येतं. तोंडानं 'माशाअल्लाह', 'इन्शाअल्लाह' सगळं ठीक, आत काहीच नाही. याला काय म्हणतात, ते आपल्याला ठाऊक आहे. मुनाफिक म्हणतात. आणि कुराणानं मुनाफिकांची जागा जहन्नमच्या सगळ्यात खालच्या तळात सांगितली आहे. म्हणजे पोराचं इमान वाचवायला जातो म्हणता म्हणता आपण त्याला नाटक करायची रीतसर तालीम देतो.

उलट, सहाबांपैकी काही जण प्रेषितांकडं येऊन म्हणाले होते की, आमच्या मनात असं काही येतं, जे तोंडानं बोलायचीही भीती वाटते. त्या भीतीलाच प्रेषितांनी इमानाची खूण म्हटलं. जे मूल तुमच्याकडं येऊन, घाबरत घाबरत, "अम्मी, मला हे पटत नाही" असं म्हणतं, त्याचा अल्लाहवर किती विश्वास उरला आहे ते अल्लाह जाणे. तुमच्यावर मात्र त्याचा पूर्ण विश्वास आहे. तो पहिला तुटू देऊ नये.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. मकतबमध्ये आठवड्यातला एक दिवस नाजरा बाजूला ठेवून अर्थासाठी द्यावा, मराठीत किंवा घरच्या बोलीत. मशिदीत तरुणांसाठी महिन्यातून एकदा अशी बैठक व्हावी, जिथं चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारता येईल, आणि "माहीत नाही" हेही उत्तर चालेल. मुलींना तिथं जागा असावी. विज्ञान शिकवणाऱ्या उर्दू शाळेतल्या शिक्षकाला आणि इमामसाहेबांना एकदा एकत्र बसवावं, दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखं आहे. आणि घरात एक नियम असावा की, प्रश्नाला मार नाही, घराबाहेर काढण्याची धमकी नाही, जेवण बंद नाही.

आपली मुलं रोज शाळेत उद्देशिका म्हणतात. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात ती छापलेली असते. विचाराचं, श्रद्धेचं, उपासनेचं स्वातंत्र्य देणारी ती ओळ त्यांना पाठ आहे. आपण याच संविधानाच्या २५ व्या कलमाचा आधार घेऊन सरकारकडं आपल्या धर्माचं स्वातंत्र्य मागतो. त्याच कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्यही आहे, आणि ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या सदसद्विवेकालाही लागू आहे.

त्या मुलांतलं कुणी उद्या मोठा आलिम होईल, कुणी रमजानपुरतं मुसलमान राहील, कुणी कदाचित परतणारही नाही. ते आपल्या हातात नाही, आणि हिदायत देणं आपल्या हातात नाही हा तर आपल्या श्रद्धेचाच भाग आहे. आपल्या हातात एवढंच आहे की, त्यानं विचारलं तेव्हा आपण घरात होतो आणि ऐकलं.